काल चालत होता, आज सकाळी सापडत नाही: घरच्या गिट सर्व्हरचं नेहमीचं दुखणं

संध्याकाळी पुश, म्हणजे आपला कोड सर्व्हरवर चढवणं, व्यवस्थित होतं. सकाळी त्याच माणसाचं, त्याच लॅपटॉपवरून पुल, म्हणजे कोड उतरवून घेणं, होत नाही. मधल्या वेळात सर्व्हरला कुणी हात लावलेला नसतो. जळगाव, भुसावळ, अमळनेर, चोपडा, शिरपूर या पट्ट्यात घरातल्या किंवा दुकानामागच्या खोलीतल्या जुन्या डेस्कटॉपवर बसवलेले, टीमच्या कोडचे सगळे बदल जपणारे गिट सर्व्हर मी बरीच वर्षं बघतो आहे. मला येणारे बहुतेक फोन याच एका वाक्याने सुरू होतात: "भो, काल चालत होतं, आज गेलं."

खाली जे लिहिलंय ते विंडोजवर गिटी (Gitea), म्हणजे गिट सर्व्हर चालवणारा प्रोग्राम, बसवलेल्यांसाठी आहे. हिरव्या चहाच्या कपाचं चिन्ह असलेलं तेच ते गिटी. आमच्याकडे तेच जास्त दिसतं, कारण एकच फाइल उतरवून चालवली की ब्राउझरमध्ये पान उघडतं, आणि कमी रॅमच्या जुन्या मशिनवरही ते निभावतं. तुम्ही गिटऐवजी सबव्हर्जन या जुन्या प्रणालीचा सर्व्हर बसवला असेल तर पोर्टचे (प्रोग्रामच्या नेटवर्कवरच्या दाराचे) आकडे बदलतील, पण वीज, पत्ता, फायरवॉल आणि घड्याळ यांच्याबद्दलचं सगळं तसंच लागू पडतं.

लक्षणं

दुरुस्तीला हात घालण्याआधी आपलं दुखणं यातलं कोणतं ते ओळखा. दोन-तीन लक्षणं एकत्रही असू शकतात.

- सर्व्हरच्याच मशिनवर पान उघडतं, बाकी कुणाच्या लॅपटॉपवर उघडत नाही.
- सर्व्हरवरही उघडत नाही.
- पान उघडतं, पण रेपॉझिटरी (प्रोजेक्टचा कोड आणि त्याचा इतिहास ठेवलेली जागा) गायब. त्याऐवजी पहिल्या दिवशी भरलेला इन्स्टॉलेशनचा फॉर्म समोर येतो.
- सगळं दिसतं, पण क्लोनसाठी (रेपॉझिटरीची आपल्या लॅपटॉपवर प्रत घेण्यासाठी) दिलेल्या लिंकमध्ये 'लोकलहोस्ट', म्हणजे 'हेच मशिन', असं लिहिलेलं असतं आणि ती दुसऱ्या लॅपटॉपवर चालत नाही.
- सकाळी चालतो, दुपारी सगळे जेवून आले की बंद असतो.
- सर्टिफिकेट अजून वैध नाही असा संदेश येतो, किंवा मोबाइलमधला सहा आकडी कोड प्रत्येक वेळी चुकीचा ठरतो.
- पुश करताना 'ऑब्जेक्ट फाइल इज एम्प्टी' किंवा 'लूज ऑब्जेक्ट इज करप्ट' असं काही दिसतं.

शेवटचं लक्षण असेल तर मधल्या तपासण्या सोडून थेट खालच्या 'ऑब्जेक्ट रिकामी' या भागाकडे जा, आणि तोवर त्या मशिनवर कुणालाही पुश करू देऊ नका.

सगळ्यात आधी: काहीही पुन्हा इन्स्टॉल करू नका

हे मी हात जोडून सांगतो. धुळ्याच्या एका शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्ट ग्रुपचा सर्व्हर असाच एका सकाळी सापडेनासा झाला होता. पोरांनी गिटीचा अख्खा फोल्डर उडवला, नव्याने इन्स्टॉल केलं, तरी बाकीच्यांच्या लॅपटॉपवर काही दिसेना. मग फोन आला, "दादा, समदं उडी गयं." मी गेलो तेव्हा कळलं की रात्री लाइट जाऊन आली होती आणि मशिनला राउटरने नवा पत्ता दिला होता. एवढंच झालं होतं. सर्व्हर धडधाकट होता. तो त्यांनी स्वतःच्या हाताने पुसला.

कोड वाचला, कारण चौघांकडे क्लोन होते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी गिट लिहिलं तेव्हापासून त्याची रचनाच अशी आहे की प्रत्येक क्लोनमध्ये पूर्ण इतिहास असतो. पण कोणतं काम कुणाकडे, कोणती चूक कधी सापडली, विकीमधल्या नोंदी, कुणाला कशाची परवानगी, हे सगळं क्लोनमध्ये नसतं. कामांची यादी आणि परवानग्या गिटीच्या डेटाबेसमध्ये असतात, आणि विकीची वेगळी रेपॉझिटरी सहसा कुणी क्लोन करत नाही. चार महिन्यांच्या नोंदी गेल्या आणि त्या परत आल्या नाहीत. सबव्हर्जन वापरणाऱ्यांनी तर जास्तच जपावं, कारण तिथे कामाच्या प्रतीत इतिहास नसतोच. तो फक्त सर्व्हरवर असतो.

म्हणून पहिली गोष्ट: गिटीचा फोल्डर आहे तसा दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करून ठेवा. गिटी बंद असताना केलेली कॉपी चांगली, कारण चालू डेटाबेसची फाइल अर्धवट अवस्थेत कॉपी होऊ शकते. मग पुढे चला.

मशिन खरंच चालू आहे का

हसण्यावारी नेऊ नका. सर्व्हर माळ्यावर किंवा गोडाउनच्या कोपऱ्यात असतो, मॉनिटर लावलेला नसतो, आणि पंख्याचा आवाज शेजारच्या कूलरमध्ये बुडतो. कॅबिनेटवरचा दिवा बघा, हात लावून बघा.

दुपारी बंद आणि सकाळी चालू असेल तर ते बहुधा झोपेचं काम आहे. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये स्लीप 'नेव्हर' करा. लॅपटॉपचाच सर्व्हर केला असेल तर झाकण मिटल्यावर काय करायचं तेही 'काही करू नको' असं ठरवून द्या. झोपलेला संगणक नेटवर्कवर उत्तर देत नाही, आणि तो झोपलाय हे दुसऱ्या लॅपटॉपवर बसून कळायला मार्ग नसतो.

लाइट जाऊन आली आणि मशिन बंदच राहिलं असेल, तर बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर काय करायचं याची एक सेटिंग असते. मदरबोर्डनुसार तिचं नाव बदलतं, पण त्यात 'एसी' आणि 'पॉवर लॉस' हे शब्द सहसा असतात. ती 'पॉवर ऑन' करता येते. माझा सल्ला: यूपीएस असेल तरच करा. मे महिन्यात वळवाचं वादळ सुटतं, रावेर-यावलकडे केळीच्या बागा आडव्या होतात, त्या संध्याकाळी लाइट अर्ध्या तासात पाच वेळा ये-जा करते. त्या प्रत्येक वेळी डिस्क लिहीत असताना वीज तुटते. तशा रात्री मशिन बंद पडून राहिलेलं बरं.

घरच्या इन्व्हर्टरवर डेस्कटॉप जोडला असेल तर त्याच्या मागचा छोटा स्विच बघा. बऱ्याच इन्व्हर्टरवर 'नॉर्मल' आणि 'यूपीएस' असे दोन पर्याय असतात. 'नॉर्मल'वर वीज बदलायला जो क्षण लागतो तेवढ्यात पंखा चालू राहतो, संगणक मात्र बंद होतो. राउटरही त्याच यूपीएसवर असू द्या. सर्व्हर जिवंत आणि राउटर मेलेला, याचा कुणालाच उपयोग नाही.

पत्ता बदलला का

माझ्या हाताखालून गेलेल्या मशिनमध्ये सगळ्यात जास्त वेळा हेच निघालं आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

घरातला राउटर प्रत्येक मशिनला तात्पुरता पत्ता देतो, समजा १९२.१६८.१.५. आपण सर्व्हर बसवला त्या दिवशी जो पत्ता दिसला तोच सगळ्यांनी आपापल्या क्लोनमध्ये लिहून ठेवलेला असतो. मशिन चोवीस तास चालू असेल तर तो पत्ता महिनोन्‌महिने टिकतो, आणि तो कायमचाच आहे असं वाटायला लागतं. मग लाइट जाते. राउटर नव्याने सुरू होतो. स्वस्त राउटर कुणाला कोणता पत्ता दिला होता ते विसरलेला असतो. वीज आल्यावर मोबाइल आणि टीव्ही आधी जागे होतात, जुना डेस्कटॉप दोन मिनिटांनी येतो, तोवर त्याचा पत्ता दुसऱ्याच कुणाला तरी गेलेला असतो. रोजचं भारनियमन नसलं तरी आपल्याकडे वीज जातच राहते, म्हणून हा बिघाड पुन्हा पुन्हा येतो.

तपासणी फुकट आहे. सर्व्हरवर कमांड प्रॉम्प्ट उघडा, 'आयपीकॉन्फिग' टाइप करा, आयपीव्ही४ समोरचा आकडा वाचा. तो आणि क्लोनमधला पत्ता जुळत नसेल तर निदान झालं. आकडा १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मशिनला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही; केबल काढून पुन्हा घट्ट बसवा, किंवा राउटरचं दुसरं भोक वापरून बघा. आमच्याकडे उंदीर केबल कुरतडतात, तीही नजरेखालून घाला.

तात्पुरता उपाय म्हणजे प्रत्येकाने 'गिट रिमोट सेट-यूआरएल' देऊन नवा पत्ता लिहिणं. पण तसं दर वेळी करत बसू नका. राउटरच्या पानावर जाऊन ॲड्रेस रिझर्व्हेशन करा, म्हणजे त्या मशिनच्या मॅक ॲड्रेसला (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकाला) एकच पत्ता कायमचा बांधून टाका. यात दोन गोष्टी लोक विसरतात. केबलचा आणि वायफायचा मॅक ॲड्रेस वेगळा असतो, त्यामुळे केबलसाठी केलेलं आरक्षण वायफायवर लागू होत नाही. आणि विंडोजमध्ये वायफायसाठी 'रँडम हार्डवेअर ॲड्रेस' चालू असेल तर राउटरला ते मशिन परकंच वाटतं. ते बंद करा. शक्य असेल तर सर्व्हर केबलवरच ठेवा.

पत्ता बरोबर असूनही एकाच माणसाला दिसत नसेल तर त्याचा लॅपटॉप कोणत्या नेटवर्कवर आहे ते विचारा. तो मोबाइलच्या हॉटस्पॉटवर किंवा राउटरच्या 'गेस्ट' वायफायवर असतो. गेस्ट नेटवर्क घरातल्या बाकी मशिनपासून मुद्दाम तोडलेलं असतं.

एसएसएच (किल्लीने ओळख पटवून सर्व्हरशी जोडण्याची पद्धत) वापरणाऱ्यांना पत्ता बदलल्यावर कधी कधी मोठा इशारा येतो, की समोरच्या मशिनची ओळख बदलली आहे. जुन्या पत्त्यावर आता दुसरं मशिन बसलंय, एवढाच त्याचा अर्थ बहुधा असतो. तरी खात्री केल्याशिवाय जुनी नोंद पुसू नका. तो इशारा उगाच दिलेला नसतो.

सेवा चालू आहे का

आता सर्व्हरसमोर बसा आणि ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट', पुढे कोलन (:) आणि ३००० असं इंग्रजीत टाइप करून उघडा. गिटीचं मूळ पोर्ट ३००० असतं. ही तपासणी निर्णायक आहे: इथे उघडलं तर सर्व्हर ठीक आहे आणि दोष वाटेत आहे, इथेही नाही उघडलं तर गिटीच चालू नाही. दुसऱ्या लॅपटॉपवर 'रिफ्यूज्ड' आलं की 'टाइम्ड आउट' आलं, यावरून बरेच जण अंदाज बांधतात. 'रिफ्यूज्ड' म्हणजे त्या पत्त्यावरच्या कुठल्या तरी मशिनपर्यंत आपण पोहोचलो, इतकं खरं. पण विंडोजचं फायरवॉल बंद पोर्टवरही गप्प बसतं, त्यामुळे सेवा बंद असूनही 'टाइम्ड आउट' येऊ शकतं. म्हणून मी लोकलहोस्टवरच भरवसा ठेवतो.

बंद असण्याचं नेहमीचं कारण असं. गिटी हाताने डबल-क्लिक करून सुरू केलेलं असतं, एक काळी खिडकी उघडी राहते, आणि कुणीतरी आवराआवर करताना ती बंद करतं. काही जण शॉर्टकट स्टार्टअप फोल्डरमध्ये टाकतात. ते बरं दिसतं, पण रात्री विंडोज स्वतःला अपडेट करतं, रिस्टार्ट होतं आणि पासवर्डच्या पडद्यावर थांबून राहतं. कुणी लॉगिन केल्याशिवाय स्टार्टअप फोल्डरमधलं काहीच चालत नाही.

उपाय एकच: गिटीला विंडोजची सर्व्हिस म्हणून नोंदवा, प्रकार 'ऑटोमॅटिक' ठेवा. सर्व्हिस लॉगिनची वाट बघत नाही. नोंदवताना कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलचा पूर्ण मार्ग कमांडमध्ये लिहाच. आणि 'ॲप डॉट आयएनआय' या कॉन्फिग फाइलमधली 'रन युजर' ही ओळ बघा. गिटी आपण ठरलेल्या युजरखाली चालतोय का ते तपासतं आणि नाव जुळलं नाही तर सुरूच होत नाही. सर्व्हिस 'लोकल सिस्टिम' खात्याखाली चालत असेल तर तिथे संगणकाचं नाव आणि त्याला जोडून डॉलरचं चिन्ह लिहावं लागतं. सर्व्हिस सुरू करताच बंद पडते अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा ही ओळ उघडतो.

इन्स्टॉलेशनचं पान दिसलं तर

हे बघून माणसं घाबरतात आणि घाबरून फॉर्म भरतात. भरू नका. पान बंद करा.

गिटी आपली कॉन्फिग फाइल आपल्या मूळ फोल्डरच्या आत शोधतं, आणि वेगळं सांगितलं नसेल तर ती प्रोग्रामची फाइल जिथे ठेवली आहे तेच मूळ फोल्डर धरतं. चाळीसगावच्या एका दुकानात मालकाच्या भाच्याने नवी आवृत्ती डाउनलोड्समध्ये उतरवून तिथूनच चालवली. डाउनलोड्समध्ये कॉन्फिग कुठून असणार? गिटीला वाटलं आपण पहिल्यांदाच चालतोय, म्हणून त्याने फॉर्म दाखवला. जिनिंगवाल्यांच्या हिशेबाचा सगळा कोड सी ड्राइव्हच्या जुन्या फोल्डरमध्ये सुखरूप होता. नवा प्रोग्राम बंद केला, जुन्या जागेवरून सुरू केला, पाच मिनिटांत सगळं परत दिसलं.

म्हणून विचार असा करा: काल गिटी कोणत्या फोल्डरमधून, कोणत्या युजरखाली चालत होतं आणि आज कुठून चालतंय? डिस्कवर 'ॲप डॉट आयएनआय' शोधा. दोन सापडल्या तर जिच्या शेजारचा डेटाबेस मोठा आहे ती खरी.

फायरवॉल

लोकलहोस्टवर उघडतं, पत्ता बरोबर आहे, तरी बाहेरून दिसत नाही. आता फायरवॉल.

राउटर बदलला किंवा नेटवर्क नवं वाटलं की विंडोज ते 'पब्लिक' समजतं. आपण परवानगी 'प्रायव्हेट'साठी दिलेली असते. सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क 'प्रायव्हेट' करा, बऱ्याचदा इतक्यावर भागतं.

दुसरी गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. गिटी पहिल्यांदा सुरू होतं तेव्हा विंडोज परवानगीची चौकट दाखवतं. घाईत ती 'कॅन्सल' केली की विंडोज त्या प्रोग्रामसाठी चक्क मनाईचा नियम बनवून ठेवतं. नंतर तुम्ही पोर्ट ३००० साठी परवानगीचा नियम कितीही नीट केला तरी मनाई वरचढ ठरते. भुसावळच्या एका ठिकाणी यावर माझी आख्खी दुपार गेली होती, तेव्हापासून मी इनबाउंड नियमांच्या यादीत आधी गिटीच्या नावाची लाल खूण शोधतो. ती काढा, मग परवानगी द्या, तीही फक्त 'प्रायव्हेट'साठी.

फायरवॉल पूर्ण बंद करून बघू नका. बघून झालं की ते परत चालू करायचं राहून जातं. आणि पिंग लागत नाही म्हणून मशिन बंद आहे असंही समजू नका, कारण विंडोज पिंगला बऱ्याचदा उत्तर देत नाही. पॉवरशेलमधली 'टेस्ट-नेटकनेक्शन' ही कमांड पत्ता आणि पोर्ट देऊन चालवा; ती नेमकं तेच पोर्ट उघडं आहे का ते सांगते.

पोर्ट कुणी बळकावलं, लिंक चुकीची का

सर्व्हरच्या मशिनवरच कुणी रिॲक्टचा (वेबपानं बनवण्याच्या लायब्ररीचा) प्रोजेक्ट चालवला तर तोही बऱ्याचदा ३००० वरच बसतो. जो आधी आला त्याला पोर्ट मिळतं. 'नेटस्टॅट' ला 'एएनओ' जोडून चालवलं की पोर्टसमोर प्रोसेसचा क्रमांक दिसतो, तो टास्क मॅनेजरमध्ये शोधा. सर्व्हरच्या मशिनवर दुसरं काम करू नये हेच उत्तम. करायचंच असेल तर त्या प्रोजेक्टचं पोर्ट बदला.

क्लोनच्या लिंकमध्ये 'लोकलहोस्ट' दिसत असेल तर कॉन्फिगमधली 'रूट यूआरएल' ही ओळ इन्स्टॉल करताना तशीच राहिली आहे. तिथे आरक्षित केलेला पत्ता लिहा आणि सेवा पुन्हा सुरू करा.

घड्याळ

जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर नाण्याएवढा सीआर २०३२ सेल असतो, ३ व्होल्टचा. मशिन बंद असताना घड्याळ त्यावर चालतं. तो संपला की प्रत्येक वीज गेल्यानंतर तारीख काही वर्षं मागे जाते, आणि बायॉसच्या सेटिंगही पुसल्या जातात. तारीख मागे असली की एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट 'अजून वैध नाही' ठरतं. मोबाइलमधले सहा आकडी कोड सहसा दर ३० सेकंदांनी बदलतात, तेही जुळत नाहीत. फरक फार मोठा असेल तर विंडोज आपोआप वेळ दुरुस्त करत नाही.

पासवर्ड बदलण्याआधी खालच्या कोपऱ्यातली तारीख वाचा. सेल कोणत्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. बदलताना मशिनची पिन भिंतीतून काढलेली असावी.

डिस्क भरली का

सी ड्राइव्हवर किती जागा उरली ते बघा. रोजचा बॅकअप त्याच डिस्कवर, त्याच फोल्डरमध्ये साठवणारे बरेच आहेत. वर्षभरात डिस्क तुडुंब होते आणि मग डेटाबेसला लिहायला जागा उरत नाही. बॅकअपच्या जुन्या झिप फाइल बाहेरच्या डिस्कवर हलवा. रेपॉझिटरीच्या फोल्डरमधलं मात्र काहीही 'हे कशाला लागतंय' म्हणून उडवू नका.

ऑब्जेक्ट रिकामी: वीज गेल्यानंतरचा खरा बिघाड

इथवरच्या कशातही डेटा बिघडलेला नसतो. इथे बिघडलेला असतो, म्हणून हळू चला.

पुश चालू असताना वीज गेली की फाइलचं नाव डिस्कवर नोंदलं जातं, आतला मजकूर मात्र अजून मेमरीतच असतो. वीज परत येते तेव्हा शून्य बाइटची फाइल उरते. गिट प्रत्येक ऑब्जेक्टला, म्हणजे साठवलेल्या प्रत्येक तुकड्याला, त्याच्या मजकुरावरून काढलेलं नाव देतं, सहसा ४० अक्षरांचं. पहिली दोन अक्षरं फोल्डरचं नाव होतात, उरलेली ३८ फाइलचं. मजकूर आणि नाव जुळलं नाही की गिट तक्रार करतं.

याच गोष्टीत दुरुस्तीही आहे. नाव मजकुरावरून ठरत असल्यामुळे तेच ऑब्जेक्ट टीममधल्या कुणाच्याही क्लोनमध्ये अगदी त्याच नावाने, अक्षरशः तेच असतं. मी असं करतो:

गिटी बंद करतो. बिघडलेल्या रेपॉझिटरीचा पूर्ण फोल्डर वेगळा कॉपी करतो आणि सगळं काम त्या कॉपीवर करतो. तिथे 'गिट एफएससीके' पूर्ण तपासणीसाठी चालवतो. 'डँगलिंग' लिहिलेल्या ओळी सोडून द्या, त्या निरुपद्रवी असतात. 'मिसिंग', 'करप्ट' आणि 'एम्प्टी' या ओळी वहीत उतरवतो. शून्य बाइटच्या फाइल बाजूच्या फोल्डरमध्ये हलवतो, पुसत नाही. मग ज्याने सगळ्यात शेवटी पुश केलं त्याच्या क्लोनमधल्या 'ऑब्जेक्ट्स' फोल्डरमधलं सगळं, पॅक फाइलसकट, सर्व्हरच्या कॉपीत टाकतो. आधीपासून असलेल्या फाइलवर लिहायचं नाही. पुन्हा तपासणी. स्वच्छ आली की ती कॉपी जागेवर ठेवतो.

तपासणी चालवताना गिट 'डुबियस ओनरशिप' म्हणून अडलं तर ते बिघाडाचं लक्षण नाही. फोल्डरचा मालक एक आणि कमांड चालवणारा दुसरा असला की २०२२ पासून गिट सुरक्षेसाठी असं थांबतं. गिटी ज्या खात्याखाली चालतं त्याच खात्यातून कमांड चालवा.

अशा दुरुस्तीनंतर यूपीएस घेतल्याशिवाय मी सर्व्हर पुन्हा सुरू करून देत नाही. आणि गिटीची बॅकअप घेणारी 'डंप' कमांड आठवड्यातून एकदा तरी चालवून ती झिप बाहेरच्या डिस्कवर ठेवायला लावतो. ती परत भरण्याची तयार कमांड नाही, हाताने जागच्या जागी ठेवावी लागते. म्हणून एखाद्या निवांत रविवारी दुसऱ्या मशिनवर ते एकदा करून बघा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

डिस्कमधून टकटक किंवा खरखर आवाज येत असेल, किंवा फाइल कॉपी होताना मध्येच अडकत असेल, तर मशिन लगेच बंद करा. स्कॅनडिस्क नको, पुन्हा सुरू करणं नको. प्रत्येक मिनिटाला उरलेला भाग खराब होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि पत्र्याखालच्या खोलीत डिस्क आधीच तापलेली असते. हे डेटा रिकव्हरी करणाऱ्याचं काम आहे.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियन, अर्थिंग बघायला. संगणकवाला नंतर.

'गिट एफएससीके' काही ऑब्जेक्ट 'मिसिंग' सांगतंय आणि ते कुठल्याच क्लोनमध्ये नाहीत, किंवा गिटीचा डेटाबेस 'मालफॉर्म्ड' म्हणून उघडत नाही आणि बॅकअप नाही, तर स्वतः प्रयोग करू नका. फाइलची नावं अनोळखी झाली असतील आणि पैसे मागणारा मजकूर दिसत असेल तर नेटवर्कची केबल काढा आणि तिथेच थांबा.

पुण्याला गेलेल्या मित्राला घरच्या सर्व्हरवर पुश करायचं आहे, म्हणून राउटरमध्ये पोर्ट उघडायची इच्छा होते. राउटरच्या पानावर इंटरनेटचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यामधला दिसत असेल तर तो अनेक ग्राहकांत वाटलेला आहे आणि पोर्ट उघडून काहीच होणार नाही. त्यात दिवस घालवू नका. पत्ता स्वतंत्र असेल तर पोर्ट उघडेल, आणि तेव्हाच जास्त काळजी हवी. ग्राहकाचा कोड असलेलं मशिन जगासमोर ठेवण्याआधी व्हीपीएन (फक्त आपल्या माणसांसाठीची इंटरनेटवरची खाजगी वाट) लावून देणारा माणूस बोलवा.

त्याला बोलावताना हाताशी ठेवा: शेवटी चाललं ती तारीख आणि वेळ, मधे लाइट गेली होती का, दिसलेल्या संदेशाचा मोबाइलवर काढलेला फोटो, 'ॲप डॉट आयएनआय'ची प्रत, आणि सगळ्यात शेवटी पुश करणाऱ्याचा लॅपटॉप. तो लॅपटॉप कुणी घरी घेऊन गेलं असेल तर आधी तो मागवून घ्या.